बैलाचा खांदा आणि गिधाडाचे मूत्रपिंड

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करून, बैलाच्या जुवाखालच्या घट्ट्यावर लोणी-हळदीचा हात पळसाच्या पानाने फिरविण्याचा जो परिपाठ बुलढाणा जिल्ह्यात आणि एकंदर वऱ्हाडात चालत आला, त्याच्या मुळाशी पूजाबुद्धीइतकेच व्यवहारज्ञानही होते. कारण खांदा सुजलेला बैल म्हणजे पेरणीवाचून राहिलेले वावर.

बैल मेल्यावरची व्यवस्थाही गावगाड्याने ठरवून टाकली होती. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती आणि त्याच्या कातड्याचा हक्क ही दोन्ही महारांच्या माथी एकत्रच मारलेली (तो हक्क की शिक्षा, हे गावदप्तराने कधी विचारले नाही). डॉ. आंबेडकरांच्या शिकवणुकीने त्या समाजाने हे काम झुगारले, ते न्याय्यच झाले. उरलेल्या मांसाचा निकाल मात्र गिधाडे लावीत, आणि त्यांना बलुते द्यावे लागत नसे.

माणसाच्या सांधेदुखीसाठी निघालेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक १९९० नंतरच्या दशकात खांदा सुजलेल्या बैलांना आणि इतर जनावरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. औषध स्वस्त, गुण तत्काळ. बैलाला त्यापासून अपाय नव्हता, म्हणून कोणाला संशय येण्याचे कारणही नव्हते. परंतु टोचल्यावर दोन-चार दिवसांत दगावलेल्या जनावराचे मांस गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत, रक्तातले युरिक आम्ल साचून यकृतावर व हृदयावर खडूसारखा पांढरा थर चढे आणि पक्षी मान टाकून बसे. हा कार्यकारणभाव लिंडसे ओक्स यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोधून २००४ मध्ये प्रसिद्ध केला. २००७ पर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी, १९९२ च्या मानाने, हजारी एकच उरले होते.

सरकारने २००६ मध्ये या औषधाचे पशुवैद्यकीय उत्पादन थांबविण्याचा हुकूम काढला. पण बंदी औषधावर नव्हे, चिठ्ठीवर पडली: माणसांसाठी म्हणून विकली जाणारी ३० मिलिलिटरची कुपी, जी कोणा माणसाच्या एका वेळच्या उपयोगाची नव्हती, ती बैलाला नेमकी पुरत असे. ती ३ मिलिलिटरवर आणण्यास २०१५ उजाडले. जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनणाऱ्या ॲसिक्लोफेनॅकवर, आणि त्याबरोबर गिधाडांना तशाच घातक किटोप्रोफेनवर, बंदी आली ती २०२३ मध्ये. वस्तुतः गिधाडांना न बाधणारे पर्यायी वेदनाशामक मेलॉक्सिकॅम २००६ पासूनच ठाऊक होते.