वांगावर लेझर : खान्देशात घाई का नको?

चेहऱ्यावरचे वांगाचे डाग लेझरने फिके होतात, पण कायमचे जातीलच असं नाही. लेझरचा प्रकाश त्वचेतल्या मेलॅनिनचे बारीक कण करतो. शरीर ते हळूहळू काढून टाकतं. मात्र सावळ्या त्वचेवर उष्णतेने डाग उलट गडदही होऊ शकतात. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून लेझर हिवाळ्यात केलेलं बरं.

नंतर खपली खरवडू नका. ब्लीच, स्क्रब टाळा. बाहेर असताना दर दोन तासांनी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. शेतात किंवा दुचाकीवर स्कार्फही हवाच. मेडिकलमधून स्वतःहून स्टिरॉइडचं क्रीम आणू नका. फोड आले, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.