वैद्यक नोंदणीचे नूतनीकरण (कोल्हापूर)
आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, 1965 नुसार मुंबईतील परिषद ठेवते. जिल्ह्याची वेगळी नोंदवही नसते. त्यामुळे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातला तज्ज्ञ असो वा गडहिंग्लजच्या दवाखान्यातला डॉक्टर, नाव एकाच वहीत. मुंबई इलाख्यात अशी नोंदणी 1912 च्या कायद्याने आली; कोल्हापूर मात्र तेव्हा वेगळे संस्थान होते, ते 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी व्याख्याने-परिषदांना हजेरी लावून श्रेयांक जमवावे लागतात. चुकतो तो बहुधा पत्ता. शिकताना दिलेला वसतिगृहाचा पत्ता दवाखाना थाटल्यावरही तसाच राहतो आणि परिषदेचे पत्र भलतीकडे जाते. लग्नानंतर बदललेले आडनाव, नवी पदव्युत्तर पदवी हेही कळवावे लागते. न नोंदवलेली पदवी पाटीवर लिहिणे अडचणीचे ठरते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर असावा, असा 2002 चा आचारनियम आहे. रुग्ण हा क्रमांक क्वचितच वाचतो.

राज्याच्या या नोंदवहीशिवाय ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीचे संकेतस्थळही सुरू झाले. हे सारे आधुनिक वैद्यकापुरते; आयुर्वेदाच्या वैद्यांची परिषद निराळी आहे.