पत्र्याची पेटी आणि मापनाची अचूकता : विद्युत-उपकरणांच्या हस्तनिर्मित धातुकवचाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात उपकरणांना स्थान मिळते. उपकरण ज्या पेटीत ठेवले जाते त्या पेटीला मात्र क्वचितच मिळते. गॅल्व्हानोमीटर कोणी तयार केला, ऑसिलोस्कोपचा विकास कसा झाला, याची चर्चा पाठ्यपुस्तकांतून आढळते. परंतु अत्यंत क्षीण विद्युतसंकेत मोजताना बाहेरील विद्युत-चुंबकीय गोंगाट दूर ठेवला नाही, तर उपकरण कितीही संवेदनक्षम असले तरी ते त्या गोंगाटाचेच मापन करीत राहते. हा गोंगाट रोखणारे धातूचे आवरण म्हणजेच कवच होय. प्रस्तुत लेखात या कवचाचा, विशेषतः प्रयोगकर्त्यांनी स्वतः व स्थानिक कारागिरांच्या साहाय्याने घडविलेल्या कवचाचा आढावा घेतला आहे. कवच हे उपकरणाचे बाह्य वेष्टन नसून उपकरणाचाच एक घटक आहे आणि त्याची गुणवत्ता धातूच्या जाडीपेक्षा त्यातील सांधे, छिद्रे व तारा यांवर अधिक अवलंबून असते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

फॅराडे यांचा घन

सन १८३६ मध्ये मायकेल फॅराडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट बाजू असलेला एक पोकळ घन उभारला. त्यासाठी वापरलेले साहित्य अगदी साधे होते : लाकडी सांगाडा, तांब्याची तार, कागद आणि कथिलाचा वर्ख. हा घन जमिनीपासून विलग ठेवून त्यास बाहेरून तीव्र विद्युतभार देण्यात आला. पेटत्या मेणबत्त्या व विद्युतमापक घेऊन फॅराडे स्वतः आत गेले. घनाच्या बाह्य पृष्ठभागावरून ठिणग्या उडत असतानाही आत विद्युतभाराचा कोणताही परिणाम आढळला नाही. विद्युतभार संवाहकाच्या बाह्य पृष्ठभागावर राहतो, हे तत्त्व त्यामुळे प्रत्यक्ष अनुभवास आले. आज ज्याला ‘फॅराडेचा पिंजरा’ म्हणतात, त्याचा आरंभ असा सुताराच्या व वर्ख चिकटविणाऱ्याच्या कामातून झाला.

तथापि हा प्रयोग स्थिर विद्युतेचा होता. वेगाने बदलणारी विद्युत-चुंबकीय क्षेत्रे इतक्या सहजासहजी अडविली जात नाहीत, हे पुढील पिढीच्या लक्षात आले.

फटीचा व तारेचा धडा

हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात विद्युत-चुंबकीय तरंगांचे अस्तित्व सिद्ध केले. त्यानंतर या तरंगांचा शोध घेणारी ग्राहक-उपकरणे तयार होऊ लागली. ही उपकरणे जितकी संवेदनक्षम, तितकीच ती बाहेरील ठिणग्यांनी विचलित होत. ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानात हा प्रश्न प्रात्यक्षिकाने मांडला. ग्राहक धातूच्या पेटीत बंद केला तरी झाकणाची बारीक फट किंवा पेटीतून बाहेर आलेली तार तरंगांना आत येण्यास पुरेशी ठरते, हे त्यातून दिसून आले. पेटीचा पत्रा जाड केल्याने ही गळती थांबत नव्हती. ती थांबविण्यासाठी सांधा घट्ट बसविणे व तारेलाही आवरण देणे आवश्यक होते.

जगदीशचंद्र बोस यांची दुहेरी पेटी

या धड्याचा अत्यंत पद्धतशीर उपयोग कोलकात्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये १८८५ पासून अध्यापन करणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांच्यापाशी युरोपातील प्रयोगशाळांसारखी साधने नव्हती. स्नानगृहालगतच्या सुमारे २४ चौरस फुटांच्या जागेत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या मदतीने त्यांनी आपली उपकरणे घडविली. त्यांनी सुमारे ५ ते २५ मिलिमीटर तरंगलांबीच्या तरंगांवर प्रयोग केले. हर्ट्झ यांच्या तरंगांच्या तुलनेत ही तरंगलांबी फारच लहान असल्याने संपूर्ण उपकरण मेजावर मावू शकत होते. मात्र त्यामुळे ठिणगी निर्माण करणारा प्रेषक व अतिसंवेदनक्षम ग्राहक हे एकमेकांच्या अगदी निकट आले. अशा स्थितीत ग्राहकाने दाखविलेला परिणाम अपेक्षित तरंगाचा की इतस्ततः पसरलेल्या विक्षोभाचा, हा प्रश्न निर्णायक ठरत होता.

बोस यांनी प्रवर्तन वेटोळे व विद्युतघट हे दोन्ही दुहेरी धातूच्या पेटीत बंद केले आणि प्रारण केवळ एका नळीतूनच बाहेर पडेल अशी योजना केली. वेटोळ्यातील प्रवाह सुरू व खंडित होताना होणाऱ्या चुंबकीय बदलाचाही ग्राहकावर परिणाम होत असे. म्हणून आतील पेटी नरम लोखंडाची करण्यात आली. ग्राहकापासून गॅल्व्हानोमीटरकडे जाणाऱ्या तारांनाही कथिलाच्या वर्खाचे वेष्टन देण्यात आले. भटके प्रारण व चुंबकीय विक्षोभ हे दोन भिन्न शत्रू असून त्यांच्यासाठी भिन्न उपाय हवेत, ही जाणीव या रचनेत दिसते. २९ जानेवारी १८९७ रोजी बोस यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच विषयावर व्याख्यान दिले. ज्या संस्थेत फॅराडे आपल्या घनात शिरले होते, तेथेच कोलकात्याच्या पत्रेकामाची फलश्रुती मांडली गेली.

येथे एका गोष्टीची नोंद करणे अगत्याचे वाटते. बोस यांच्या चरित्रकथनात या कारागिराचा उल्लेख ‘अशिक्षित’ अशा विशेषणाने केला जातो. परंतु सांध्याला अखंड डाख देणे, झाकण फट न राहता बसविणे ही कौशल्ये त्या प्रयोगाच्या सत्यतेसाठी अनिवार्य होती. वसाहतकालीन भारतातील विज्ञानाचा इतिहास लिहिताना अशा हातांचे श्रेय केवळ तळटीपेपुरते ठेवणे न्याय्य होणार नाही.

सिद्धान्ताची जोड

कारागिरीतून गवसलेल्या या नियमांना विसाव्या शतकात गणिती आधार मिळाला. सेर्गेई शेल्कुनॉफ यांनी १९३४ मध्ये समाक्ष तारा व दंडगोलाकार कवचे यांचा सिद्धान्त मांडला. कवच हे तरंगाचे काही अंशी परावर्तन करते व काही अंशी शोषण करते. प्रत्यावर्ती प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागालगत ज्या खोलीपर्यंत प्रामुख्याने वाहतो, ती खोली कंप्रतेनुसार बदलते. तांब्यात ५० हर्ट्झला ती सुमारे ९ मिलिमीटर, तर १ मेगाहर्ट्झला केवळ ०.०६६ मिलिमीटर असते. म्हणूनच रेडिओ कंप्रतेला पातळ पत्रा पुरतो. परंतु वीजपुरवठ्याच्या रोहित्रातून निघणारे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ पत्र्यातून जवळजवळ विनाअडथळा पार होते. त्यासाठी चुंबकीय रेषांना स्वतःतून वाट करून देणारा, उच्च पार्यतेचा धातू लागतो. बोस यांच्या आतील लोखंडी पेटीचे मर्म हेच होते. विलोबी स्मिथ व हेन्री गार्नेट यांनी १९२३ मध्ये विकसित केलेली म्यूमेटल ही निकेलयुक्त मिश्रधातू याच गुणामुळे पुढे कवचासाठी प्रसिद्ध झाली. मात्र वाकविल्यास तिची पार्यता घटते व ती पुन्हा तापवून पूर्ववत करावी लागते. त्यामुळे घरगुती घडणीत नरम लोखंडाचे व कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे महत्त्व टिकून राहिले. अशा पत्र्याला डाख सहज बसतो, हाही त्याचा मोठा गुण होय.

डब्याची परंपरा

स्वतः उपकरणे जुळविणाऱ्या हौशी रेडिओप्रेमींनी बिस्किटांचे व रंगांचे रिकामे डबे कवच म्हणून वापरले. झाकणाच्या कडेवरील रंग खरवडून धातूचा धातूशी संपर्क साधणे, आत येणारी प्रत्येक तार गाळणीतून आणणे, रोहित्र दूर ठेवणे हे नियम त्यांनी अनुभवातून आत्मसात केले. ही पद्धत केवळ हौशी मंडळींपुरती राहिली नाही. अमेरिकन अभियंता जिम विल्यम्स यांनी २००९ मध्ये ७७५ नॅनोव्होल्ट इतका सूक्ष्म गोंगाट मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीतही मोजावयाचा परिपथ धातूच्या डब्यात बंद केलेला होता.

याच तत्त्वाचे विशाल रूप पुणे जिल्ह्यातील खोडद येथे पाहावयास मिळते. तेथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीचे छिद्र एक-दोन सेंटीमीटरचे, तर ग्रहण करावयाची तरंगलांबी वीस सेंटीमीटर वा त्याहून अधिक. म्हणून तरंगांच्या दृष्टीने ती जाळी जवळजवळ अखंड पत्राच ठरते. छिद्र मोठे की लहान, हे तरंगलांबी ठरवते. कवचातील फटीलाही हाच निकष लागू पडतो; फरक इतकाच की फटीच्या बाबतीत तिची लांबी निर्णायक असते, रुंदी नव्हे.

निष्कर्ष

फॅराडे यांच्या वर्खापासून आजच्या डब्यापर्यंतच्या वाटचालीत साहित्य बहुधा साधेच राहिले; बदलली ती समज. कोणता विक्षोभ रोखावयाचा हे प्रथम निश्चित करणे, त्यानुसार धातू निवडणे आणि सांधे व तारा यांकडे सर्वाधिक लक्ष देणे, हा या इतिहासाचा सार आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून महागड्या उपकरणांच्या अभावाची खंत वारंवार व्यक्त केली जाते. ती खंत अनाठायी नाही. तरीही विद्यार्थ्याने स्वतः डाख देऊन एक पेटी बनविली आणि तिचे झाकण लावण्यापूर्वी व नंतर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरील रेषेत पडलेला फरक पाहिला, तर मापनाची अचूकता ही विकत घेण्याची वस्तू नसून घडविण्याची गोष्ट आहे, हे त्यास निश्चितच उमगेल.