सैनिकी वैद्यकीय सहायक : प्रशिक्षणपूर्व तयारी (नवघर, भाईंदर पूर्व)

जखमी जवानाला डॉक्टरपर्यंत पोहोचेतो जगवणारा आणि सैनिकी रुग्णालयात शुश्रूषा करणारा सैनिक. भूसेनेच्या भरतीत या पदाला ‘सोल्जर टेक्निकल (नर्सिंग असिस्टंट)’ म्हणतात, नौदलात ‘एसएसआर (मेडिकल असिस्टंट)’. दोन्ही भरत्या अग्निपथ योजनेबाहेरच्या, नियमित सेवेच्या आहेत.

स्थान : नवघर हे भाईंदर पूर्वेतील जुने गाव. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली, त्यांपैकी ही एक; २००२ पासून मिरा-भाईंदर महानगरपालिकेत. गावात या विषयाची सैनिकी संस्था नाही. भूसेना भरतीसाठी ठाणे जिल्हा मुंबईच्या भरती कार्यालयाला जोडलेला आहे.

पूर्वपीठिका : ३ एप्रिल १९४३ रोजी त्या वेळच्या वेगवेगळ्या लष्करी वैद्यकीय सेवा एकत्र करून आजच्या आर्मी मेडिकल कोअरचा पाया घातला गेला. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १ मे १९४८ चे. तेथे डॉक्टर घडतात, सहायक नव्हे. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवरून आणि त्यापुढील निवड चाचण्यांतून होतो. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर याच महाविद्यालयाच्या. निवृत्तीनंतर त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. भूसेनेचे सहायक लखनौच्या केंद्रात शिकतात.

पात्रता : बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. एकूण किमान ५० टक्के, प्रत्येक विषयात किमान ४० टक्के.

तयारी : आता आधी संगणकावरची लेखी परीक्षा असते; तीत निवड झालेल्यांनाच मैदानावर बोलावले जाते. तरीही भरतीच्या मुलांचा सगळा जोर ‘ग्राउंड’वर असतो. सोळाशे मीटर धाव, बीम, नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल यांची सवय हवीच. मात्र या पदाच्या इच्छुकाने पहाटेच्या धावेइतकाच वेळ जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राला द्यावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजाने खुणा करणे महागात पडते. पहाटेची धाव सिमेंटच्या रस्त्यावर रोज न मारता शक्य तेव्हा मातीवर मारावी. नडगी दुखू लागली की महिन्याची मेहनत वाया जाते.

प्रथमोपचार भरतीत विचारला जात नसला, तरी आधी शिकलेला बरा. वाहत्या रक्तावर कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबायचे आणि सारखे उचलून पाहायचे नाही. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन बोटे वर, सांधा सोडून पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची. ही लिहिलेली वेळ पुढच्या डॉक्टरला उपचार ठरवताना लागते.

वैद्यकीय तपासणी : रंगदृष्टी, सपाट तळवे, भिडणारे गुडघे आणि कानातला मळ यांवर मुले अडतात. कान आधी डॉक्टरकडून तपासून घ्यावेत.

मुली : बी.एस्सी. नर्सिंग करून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी होता येते. पुण्याच्या महाविद्यालयाप्रमाणेच कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयातही हा अभ्यासक्रम आहे. भाईंदरहून लोकलने जाण्याजोगे असे सैनिकी वैद्यकीय शिक्षणाचे ठिकाण तेच.

भरतीत निवड करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नये. दहावीनंतर विषय निवडताना गणिताबरोबर जीवशास्त्र ठेवावे; जीवशास्त्र सोडलेल्या मुलासाठी ही भरती बंद होते.