तीस वर्षांची उधारी

गोष्ट १९१९ मधली आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरी डॉ. जॉर्ज डॉक या नामांकित प्राध्यापकांनी वैद्यकीच्या वरच्या दोन वर्गांना मुद्दाम एक शवविच्छेदन पाहावयास बोलावले. रोगी फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावला होता. हा रोग इतका विरळा, की तुम्हांला तो जन्मात पुन्हा दिसेलसे वाटत नाही, असे त्यांनी सांगितले. त्या विद्यार्थ्यांत आल्टन ऑक्सनर नावाचा एक तरुण होता. पुढे तो मोठा शल्यविशारद झाला. १७ वर्षे त्याला या रोगाचा दुसरा रोगी भेटला नाही. आणि १९३६ मध्ये अवघ्या सहा महिन्यांत नऊ भेटले! नऊही पुरुष, नऊही सिगारेट ओढणारे, आणि साऱ्यांना ही सवय पहिल्या महायुद्धात जडलेली.

मी काही डॉक्टर नव्हे; शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. परंतु राजवटींप्रमाणे रोगांचाही उदय होतो, विस्तार होतो आणि ऱ्हासही होऊ शकतो, हे या हकिकतीवरून ध्यानी येते.

डॉक यांचे म्हणणे त्या काळी खोटे नव्हते. न्यूयॉर्कच्या डॉ. आयझॅक ॲडलर यांनी जगभरचे वैद्यकीय वाङ्मय धुंडाळून १९१२ मध्ये या रोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना सारे मिळून ३७४ रोगी सापडले. आणि २०२२ या एका वर्षाचा जागतिक अंदाज पाहा : नवे रोगी सुमारे २५ लाख, मृत्यू सुमारे १८ लाख. कर्करोगांत याचाच क्रमांक पहिला.

मधल्या काळात घडले तरी काय? पूर्वी सिगारेटी हातांनी वळीत. १८८१ मध्ये जेम्स बॉन्सॅक या अमेरिकन तरुणाने त्या वळणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हे यंत्र मिनिटाला २०० सिगारेटी बाहेर टाकी. सिगारेट स्वस्त झाली. महायुद्धात ती सैनिकांच्या शिध्यातही आली. सैनिक घरी परतले, ते सवय घेऊनच. मात्र हा सावकार दुसऱ्या दिवशी दारात उभा राहत नाही. वीस-तीस वर्षे तो गप्प असतो, आणि मग मुद्दल-व्याजासह वसुलीला येतो. त्यामुळेच कारण आणि परिणाम यांची सांगड लोकांच्या ध्यानी येईना. कुणी मोटारींच्या धुराला दोष दिला, कुणी रस्त्यावरच्या डांबराला.

लंडनच्या डॉ. रिचर्ड डॉल यांनाही आरंभी तसाच संशय होता. त्यांनी आणि सांख्यिकीचे पंडित ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रोगी आणि तितकेच इतर रोगांचे रोगी यांची कसून विचारपूस केली. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे निघाले फक्त दोन. इतर रोगांच्या तितक्याच पुरुषांत २७. हे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. ते हाती येत असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडून दिली.

पुढचा इतिहास याच उधारीच्या हिशेबाने चालला. ब्रिटनच्या पुरुषांत या रोगाने १९७० च्या सुमारास कळस गाठला, अमेरिकेच्या पुरुषांत १९९० च्या सुमारास. मग दोन्हीकडे उतार लागला. अमेरिकेतील स्त्रिया सिगारेटीकडे उशिरा वळल्या, म्हणून त्यांची वसुलीही उशिरा सुरू झाली. १९८७ मध्ये तेथे या रोगाने होणारे स्त्रियांचे मृत्यू स्तनांच्या कर्करोगाच्या मृत्यूंहून अधिक झाले.

आपल्या देशात तंबाखू ओढतात तशी चघळतातही फार. म्हणून येथील पुरुषांत तोंडाचा कर्करोग पहिला. तंबाखू तीच, वाट बदलली, तसा घावही दुसरीकडे बसला.

परंतु धूर काही केवळ तंबाखूचाच नसतो. चीनच्या युन्नान प्रांतात झुआनवेई नावाचा भाग आहे. तेथील स्त्रिया सहसा तंबाखूला शिवत नाहीत, तरी त्यांच्यात हा रोग विलक्षण माजला. कारण होते घरातच! धुरकट दगडी कोळसा, उघडी चूल, आणि धुराला बाहेर जावयास वाट नाही. १९७० नंतरच्या दशकात घराघरांतून धुराडी बसू लागली. सुमारे दहा वर्षांनी गुण दिसू लागला, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा घरांतील रोगाचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. एका धुराड्याने जे साधले, ते किती औषधांनी साधले असते?

मुलांना मी हा सारा इतिहास सांगतो, तेव्हा एखादा तरी हमखास विचारतो, "सर, मग म्हाताऱ्या माणसाने सोडून काय उपयोग?" त्याचेही उत्तर आहे. डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयी नोंदवून ठेवल्या. पन्नास वर्षांचा तो हिशेब २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट न सोडणाऱ्याचे सरासरी दहा वर्षांचे आयुष्य जाते. तिसाव्या वर्षी सोडली, तर ती जवळजवळ सगळी वाचतात. पन्नासाव्या वर्षी सहा. आणि साठाव्या वर्षी सोडली तरी तीन.

हा तीनचा आकडा मी फळ्यावर मुद्दाम मोठा काढतो. मुलांच्या घरी आजोबा असतात.