भुट्टा कुणाचा? एका सीएचं ऑडिट

मंडळी, पोस्ट जरा लांब झालीय. मुलं झोपली की चहा घेऊन निवांत वाचा.

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या न्यू जर्सीच्या बॅकयार्डात मी कणसं भाजत होते. नवरा म्हणाला, गॅसचा ग्रिल लाव, पाच मिनिटांत होतील. मी हट्टाने कोळसा पेटवला. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. ती मूळची मेक्सिकोतल्या पुएब्लाची. मी अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून कणसावर खसाखसा चोळलं, तशी ती हसून म्हणाली, "अगं, हे तर आमचं!" त्यावर माझी बारा वर्षांची लेक ताडकन म्हणाली, "नो, धिस इज इंडियन. माझी आजी सिंहगडावर असंच खाते."

शेजारीण बिचारी "ओके, ओके" म्हणाली. मी मात्र गप्प बसले, कारण बरोबर कोण ते मलाच माहीत नव्हतं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं. "मका आपलाच की! तुझ्या आजोबांच्या शेतात बांधाला असायचा," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड हजर. देवळातली मूर्ती, तिच्या हातात दाणेदार कणसासारखं काहीतरी, आणि खाली "कोलंबसच्या आधीपासून भारतात मका होता!" तुमच्याही ग्रुपवर आला असेल.

आता वीस वर्षं ऑडिट केलेल्या बाईला असा कागद दाखवला की हात आपोआप व्हाउचर मागतो. मग मी शोधायला बसले.

ते देऊळ खरं आहे. कर्नाटकातल्या सोमनाथपूरचं केशव मंदिर, होयसळांच्या काळातलं, तेराव्या शतकातलं. मूर्तींच्या हातातली वस्तू म्हणजे मक्याचं कणीस, असं कार्ल जोहानेसन या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलं, तेही मूर्तींची बारीक मापं घेऊन. म्हणजे फॉरवर्ड अगदीच हवेतला नाही. पण १९९३ मध्ये पायक आणि सचान या भारतीय शास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते ते मुक्ताफळ, म्हणजे मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ. बहुतेक अभ्यासकांनी मक्याचा दावा मान्य केलेला नाही. मलाही तो पटत नाही. जे पीक शेतात होतं, ताटात होतं, त्याचा जळका दाणा कुठल्या तरी चुलीच्या राखेत सापडायला नको का? स्टॉक रजिस्टरमध्ये माल आहे आणि गोदाम रिकामं, असं झालं की आम्ही सही करत नाही.

मेक्सिकोत मात्र गोदाम भरलेलं आहे. दक्षिणेकडच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे नावाचं रानगवत उगवतं. त्याच्या कणसात दाणे पाच ते बारा, आणि प्रत्येकावर दगडासारखं कवच. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून त्यातून मका घडवला. त्या खोऱ्यातल्या एका गुहेत दळणाच्या दगडांवर मक्याचे अंश मिळाले, ते सुमारे ८७०० वर्षांपूर्वीचे. कोवळ्या कणसाला तिथे अजून 'एलोते' म्हणतात, आणि हा शब्द स्पॅनिश नाही, त्यांच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतला आहे.

शेजारणीचा पहिला मुद्दा मंजूर.

मग मका आपल्याकडे आला कसा? १४९२ मध्ये कोलंबसच्या माणसांना तो क्युबात दिसला, लवकरच स्पेनला पोचला, आणि पुढच्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. मला सगळ्यात मजा वाटली ती नावांची. जिथे गेला तिथे लोकांनी त्याला दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकलं. इटलीत तो 'तुर्की धान्य', तुर्कस्तानात त्याचं नाव 'मिसिर', म्हणजे इजिप्त. इंग्रजांनी त्याला 'इंडियन कॉर्न' म्हटलं, त्यातले इंडियन म्हणजे इथले मूळ रहिवासी. (लेकीला हे सांगितलं तेव्हा ती विजयी मुद्रेने म्हणाली, "सी?") आणि केनियात, स्वाहिलीत, मका म्हणजे 'महिंदी', चक्क हिंदुस्थानातला! नैरोबीच्या रस्त्यावर कोळशावर भाजून, तिखट आणि लिंबू लावून विकतात. तिकडे राहणाऱ्या मैत्रिणीने फोटो पाठवला तेव्हा मला क्षणभर लोणावळाच वाटलं.

पुण्या-मुंबईत तर गाडीवाला विचारतो, "गावठी देऊ की अमेरिकन?" दोन्ही अमेरिकनच की हो!

पण आईचं म्हणणंही मला सोडवेना. दाणा परका, हे ठीक. भाजणं कुणाचं? इथे मला हुरडा आठवला. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दुधात आली की आपल्याकडे आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं खुपसायची, हातावर चोळायची, चटणीबरोबर खायची. गव्हाच्या ओंब्या तशाच, ओला हरभराही तसाच. म्हणजे मका आला तेव्हा निखारा तयारच होता. 'कणीस' हा शब्दसुद्धा आपण ज्वारी-बाजरीसाठी वापरतो, तोच या पाहुण्याला देऊन टाकला. (ज्वारीही मुळात आफ्रिकेतली. ते ऑडिट पुढच्या वर्षी, आईचं बीपी बघून.)

म्हणून आपली पद्धत सरळ आहे. पानं पूर्ण सोलायची, कणीस थेट निखाऱ्यावर, एका हाताने पुठ्ठ्याचा वारा, दुसऱ्याने सतत फिरवणं, दाणे तडतडले आणि काळे ठिपके पडले की लिंबू. आणि खायला द्यायचं त्याच्याच पानात.

इथले मूळ रहिवासी वेगळं करायचे. आमच्या वरच्या न्यूयॉर्क राज्यातले हौदेनोसौनी, म्हणजे ज्यांना इरोक्वा म्हणतात ते, लांब चर खणून त्यात जाळ करायचे आणि कोवळी कणसं एकदम ढिगाने भाजायचे. भाजलेले दाणे वाळवून हिवाळ्यासाठी ठेवायचे. न्यू मेक्सिकोत अजूनही कणसं पानांसकट मातीच्या भट्टीत रात्रभर ठेवतात, मग वाळवतात. त्या दाण्यांना 'चिकोस' म्हणतात, ते घेवड्यासारख्या बियांबरोबर शिजवतात. थोडक्यात, आपला भुट्टा पावसातला चाळा, त्यांचा भुट्टा वर्षाची बेगमी.

आणि आजचे अमेरिकन शेजारी? कणीस पानांसकट अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग झाकण लावून ग्रिलवर पंधरा-वीस मिनिटं. पानं जळतात, आत दाणे वाफेवर शिजतात. शेवटी बटर. मला हा प्रकार आधी मिळमिळीत वाटायचा. "भाजायचंय की उकडायचंय?" असं मी मनात म्हणायचे.

उत्तर साखरेत निघालं. आपल्या लहानपणीचा गावठी मका पिठूळ जातीचा, कोवळा असतानाच खाता येतो, दाणा चिवट, गोडी कमी. त्याला थेट निखारा मानवतो. इथला स्वीट कॉर्न म्हणजे दाण्यात साखरेचं पीठ होऊ न देणारी जात. त्यातही इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लॉफनन यांनी १९५३ मध्ये अतिगोड जातीबद्दल लिहिलं. त्यात साखर खूपच जास्त, आणि तोडल्यावरही बरेच दिवस टिकते. आज सुपरमार्केटमध्ये बऱ्याचदा मिळतो तो त्याच वंशातला. नाजूक सालीचा, रसाचा दाणा उघड्या निखाऱ्यावर ठेवला की आत शिजायच्या आधी बाहेर करपतो. म्हणजे इथली पद्धत इथल्या दाण्याला बरोबर आहे. मी बारा वर्षं उगाच कोळशाला दोष देत होते.

आता तुम्हाला करून बघायचं असेल तर मी करते ते सांगते: आधी पानांत वाफ, मग पानं मागे ओढून त्यांचीच मूठ करायची आणि शेवटची दोन-तीन मिनिटं कडक निखाऱ्यावर. बटर नंतर, आधी लावलं तर ठिबकून जाळ होतो.

राहता राहिलं लिंबू-तिखट. मिरचीही मेक्सिकोकडचीच, ती पोर्तुगीजांबरोबर आली, हे तुम्हाला माहीत असेल. पण लिंबाची एन्ट्री उलटी आहे. लिंबूवर्गीय फळांचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम-म्यानमार-युनान भागात. अरबांमार्फत ती युरोपात गेली आणि कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत त्यांचं बी पलीकडे नेलं. मेक्सिकोत एलोतेवर पिळतात ते 'लिमोन' म्हणजे आपलं कागदी लिंबू. इथल्या दुकानात 'की लाइम' म्हणून जाळीच्या पिशवीत मिळतं तेच.

हे सगळं मी लेकीला वहीत नावे-जमा करून दाखवलं. मका त्यांच्याकडून, मिरची त्यांच्याकडून, लिंबू पूर्वेकडून, निखारा दोघांचा आपापला. तिने नीट बघितलं आणि विचारलं, "मग मी आँटीला सॉरी म्हणू का?" मी म्हटलं, तुझं तू ठरव. ती गेली, आणि येताना दोन कणसं घेऊन आली. पांढरी, जाड दाण्यांची. शेजारणीच्या भावाने घरामागे लावलेली, गावाकडून आणलेल्या बियांची.

ती आम्ही वाफ न देता, पानं पूर्ण सोलून, थेट कोळशावर भाजली. पहिला घास घेतला आणि आईला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, ते लक्षातच आलं नाही. "अगं काय झालं?" आई घाबरून म्हणाली. तोंडात घास होता, मला बोलताच येईना. शेवटी लेकीनेच फोन घेतला, "आजी, काही नाही झालं. आईला सिंहगडावरचा भुट्टा मिळालाय. मेक्सिकोचा आहे."