कर्जाचं ॲप तुमच्या फोनमधले नंबर का मागतं? 'अलाऊ' दाबण्याआधी हे वाचा

खताला पैसे कमी पडतात, पोराची फी भरायची राहते. नेमकी तेव्हाच मोबाईलवर 'पाच मिनिटांत कर्ज' अशी जाहिरात दिसते. ॲप उघडलं की ते फोनमधले नंबर, फोटो, मेसेज पाहण्याची परवानगी मागतं. घाईत 'अलाऊ' दाबलं जातं.

हप्ता चुकला की काही बोगस ॲपवाले याच नंबरांवर पाहुण्यारावळ्यांना फोन करतात, फोटोत फेरफार करून बदनामीची धमकी देतात. देशभरात अशा तक्रारी पोलिसांकडे गेल्या आहेत.

कर्ज कोण ठरवतं?
गावच्या सोसायटीत माणसाला ओळखणारे लोक असतात. ॲपमध्ये हे काम बऱ्याचदा कॉम्प्युटर करतो. आधीच्या कर्जदारांच्या माहितीवरून तो नव्या माणसाचा अंदाज बांधतो. पण ज्याचा सगळा व्यवहार रोखीत, त्याची नोंदच कॉम्प्युटरकडे नसते. माणूस प्रामाणिक असूनही नापास होऊ शकतो. म्हणून नकाराचं कारण सांगणं आणि चूक झाली तर जबाबदारी घेणं, हे कंपनीचं काम आहे. 'सिस्टीमनं नाकारलं' हे उत्तर पुरेसं नाही.

नियम काय सांगतात?
रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जासाठी सूचना काढल्या. त्यानुसार :
- ॲपने फोनमधले नंबर, फाईल, कॉलची यादी पाहायची नाही.
- कॅमेरा, माईक, लोकेशन फक्त केवायसीसारख्या कामापुरतं, एकदाच आणि संमतीने वापरायचं.
- कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी.
- व्याज, फी धरून एकूण खर्च आधीच लेखी द्यावा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कामापुरतीच माहिती घ्यावी, दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता यावी आणि संमतीची सूचना मराठीतही वाचता यावी, असं हा कायदा सांगतो. नियम मोडणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काय करावं?
- कर्ज नेमकं कोणती बँक किंवा वित्तसंस्था देते, ते आधी बघा. त्यांनी कळवलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.
- फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नको त्या परवानग्या बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने आधी गेलेली माहिती परत येत नाही.
- धमकी आली तर घाबरून पैसे भरू नका. स्क्रीनशॉट ठेवा, पोलिस ठाण्यात तक्रार द्या. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा.
- बेकायदा कर्ज देणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते.

कर्ज एकट्याचं असतं, पण फोनमधले नंबर सगळ्या भावकीचे असतात. ते देण्याआधी एकदा थांबा.